कादंबरीचा पगार कोण देतं?

मराठवाड्यातली गेल्या पन्नास-साठ वर्षांतली कथा-कादंबरी कुणाच्या पैशावर लिहिली गेली? वाचकाच्या नाही, प्रकाशकाच्या नाही, पुरस्कारांच्या तर नाहीच नाही. ती लिहिली गेली अनुदानित महाविद्यालयाच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आणि थोडीफार वर्तमानपत्राच्या पगारावर. दर महिन्याला बँकेत जमा होणारी ती रक्कम हाच आपल्याकडच्या ललित लेखनाचा खरा आश्रयदाता. त्याला कुणी शाल घातली नाही, अर्पणपत्रिकेतही त्याचं नाव नसतं. आता तो आश्रयदाता काढता पाय घेतो आहे आणि आपण पुढचं संमेलन कुठं घ्यायचं यावर भांडत बसलो आहोत.

जरा मागं जाऊन बघा. निजामाच्या राज्यात पुढचं शिकायचं म्हणजे हैदराबाद गाठायचं, आणि तेही उर्दूतून. १७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटलं. १९५० मध्ये औरंगाबादला बाबासाहेबांचं मिलिंद महाविद्यालय सुरू झालं, त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत तालुक्या-तालुक्याला कॉलेजं निघाली. ती कुणाच्या राजकारणासाठी निघाली, जागा कुणाची लाटली, हा वेगळा विषय. पण त्या कॉलेजांमुळं गावखेड्यातली, वाड्या-तांड्यांवरची शिकलेली पहिली पिढी 'सर' झाली आणि त्यातल्या काही सरांनी गाव लिहून काढलं. रा. रं. बोराडे लातूरजवळच्या काटगावातून निघाले आणि वैजापूरला प्राचार्य झाले. भास्कर चंदनशिव प्राध्यापक होते. गंगाधर पानतावणे औरंगाबादेत शिकवता शिकवता 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक चालवत राहिले आणि दलित लेखकांच्या एका पिढीला त्यातून जागा मिळाली. २०१६ मध्ये कथासंग्रहासाठी साहित्य अकादमी मिळवणारे आसाराम लोमटे परभणीत पत्रकारिता करतात. यातलं एकही नाव पुस्तकाच्या विक्रीवर जगलेलं नाही.

या पगारात रक्कम फारशी मोठी नव्हती, पण दोन गोष्टी होत्या ज्या कादंबरीला लागतातच. एक, तो चुकत नव्हता. दुसरं, त्याच्याबरोबर सुट्ट्या होत्या. मे महिना मोकळा, दिवाळीचे दिवस मोकळे, आणि कॉलेज सकाळचं असेल तर दुपारही आपली. कविता एसटीतही होते. कथा दोन-चार रात्रींत उरकता येते, निदान तिचा खर्डा तरी. कादंबरीचं तसं नाही. पंधरा-वीस माणसं, त्यांची नाती, कुणाचं शेत कुणाच्या बांधाला लागून आहे, कोणत्या साली कुणाची बैलजोडी विकली, हे सगळं वर्ष-दोन वर्षं डोक्यात तसंच्या तसं धरून ठेवावं लागतं. मध्ये आठ दिवस गेले की पुन्हा पहिल्या पानापासून वाचत यायचं. लोकांना वाटतं, सुचलं की लिहिलं. सुचतं ते पहिल्या चाळीस पानांपुरतं, पुढं सगळी रेटारेटीच असते.

मी तालुक्याच्या गावात ज्युनिअर कॉलेजवर शिकवतो आणि कथा-कादंबरी लिहितो. लिहिण्याच्या कामातला लिहिण्याचा भाग किती थोडा असतो, हे या धंद्यात पडल्याशिवाय कळत नाही. दिवाळी अंकाचंच घ्या. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीला संपतं. म्हणजे कथा जुलै-ऑगस्टात हातावेगळी व्हायला हवी. आमच्याकडं हातानं लिहिणारे अजून पुष्कळ आहेत आणि टाइप करून घ्यायला तहसीलसमोरचं दुकान एवढाच आधार. जुलै म्हणजे पीक विम्याचे दिवस. दुकानातला पोरगा सकाळपासून सातबारा, आधार, पासबुक स्कॅन करत असतो, सर्व्हर गेलेला असतो, ३१ तारीख तोंडावर आलेली असते आणि दारात चपलांचा ढीग पडलेला असतो. तुमच्या कथेकडं तो बघतही नाही. "सर, रात्री नऊनंतर या." त्याचंही बरोबर आहे. बाहेर उभ्या माणसाचं अख्खं सोयाबीन त्या अर्जावर आहे, तुमच्या कथेवाचून कुणाचं काही अडलेलं नाही. रात्री नऊला जावं तर लाईट गेलेली. मग श्रीलिपीतून फाइल युनिकोडमध्ये न्यायची, रफार कुठं उडाले ते शोधायचे, गावाकडचं बोलणं पोरानं आपल्या मनानं 'शुद्ध' करून ठेवलेलं असतं ते परत बिघडवायचं. पुण्याला गेल्यावर तिथला मुद्रितशोधक ते पुन्हा शुद्ध करणार, हे धरूनच चालायचं. एवढं करून मानधन? काही मोजके अंक देतात, वेळेवर देतात, त्यांच्याबद्दल बोलायचं कारण नाही. बाकीच्यांचं मानधन म्हणजे अंकाची एक प्रत.

उरलेल्या वेळावर इतरांचा हक्क असतो. कुणी स्पायरल बांधलेलं बाड घेऊन येतं: "सर, प्रस्तावना द्या, आठ दिवसांत छापायला जायचंय." कुणाला परीक्षक हवा असतो. जयंतीला दोन शब्द, वाचन प्रेरणा दिनाला दोन शब्द, कुणाच्या वडिलांच्या गौरव अंकात दोन शब्द. हे सगळं प्रेमापोटी असतं, म्हणून नाही म्हणता येत नाही.

आता हिशेब करू. मराठी कादंबरीची आवृत्ती पूर्वी हजार-अकराशेची निघायची. हल्ली प्रकाशक तीनशे-पाचशेवर थांबतात. पाचशे धरा, किंमत चारशे रुपये धरा, मानधन छापील किमतीच्या दहा टक्के धरा. सगळ्या प्रती विकल्या गेल्या आणि सगळे पैसे हातात पडले, तर लेखकाला मिळाले वीस हजार. सातव्या वेतन आयोगात नव्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. म्हणजे दोन-तीन वर्षांच्या कादंबरीची कमाई त्याच्या दहा-अकरा दिवसांच्या मूळ पगाराएवढी. आणि हे सगळं सुरळीत झालं तर. प्रत्यक्षात नव्या लेखकाला पुष्कळ ठिकाणी उलटंच सांगतात: आधी पैसे भरा, शंभर-दोनशे प्रती तुम्ही घ्या, मग बघू. त्याचा करारही नसतो, कारण प्रकाशक 'घरचाच माणूस' असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम सांगतं की हक्क द्यायचे तर लेखी द्यायचे, त्यात मानधन नमूद करायचं, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाईल. हे वाचलेले लेखक आमच्या जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजावेत, आणि घर विकत घेताना मात्र हेच लोक मुद्रांकावरचा शब्द न् शब्द वकिलाकडून वाचून घेतात.

पगार होता तोवर हे सगळं खपून गेलं. वीस हजार आले काय नि न आले काय, चूल त्यावर नव्हती. पण आज मराठवाड्यातल्या कॉलेजांत मराठीच्या विभागात जाऊन बघा. कायमचा एखादा माणूस, तोही निवृत्तीला आलेला, बाकी सगळे तासिका तत्त्वावर. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली, पस्तिशी ओलांडलेली माणसं तासाच्या हिशेबानं शिकवतात. सीएचबी म्हणतात त्याला, आणि 'सीएचबीवर आहे' असं सांगितलं की सोयरीक मोडते. आठवड्याला किती तास घ्यायचे याला मर्यादा, बिलं महिनोन्महिने अडकलेली, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही याची खात्री नाही. कायम जागेसाठी काय 'द्यावं' लागतं ते आकडे चहाच्या टपरीवरसुद्धा पाठ आहेत. आणि मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. ज्या मे महिन्यात आधीच्या पिढीनं कादंबऱ्या लिहिल्या, तोच महिना या पिढीला सर्वांत अवघड जातो.

माझ्या ओळखीतला एक जण असाच सीएचबीवर आहे. नाव देत नाही, त्याची पुढची नेमणूक अजून व्हायची आहे. बीड जिल्ह्यातला. आई-वडील पंचवीस वर्षं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला होते, दसरा झाला की बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये टाकून कारखान्याला निघायचे. मुकादमाची उचल, ती न फिटता पुढच्या हंगामावर चढणारी बाकी, पहाटे तीनला फडात पेटवलेली शेकोटी, पाचटाच्या कोपीत पोरांचा अभ्यास, हे त्यानं ऐकलेलं नाही, जगलेलं आहे. आणि त्याला लिहिता येतं. नुसत्या भाबड्या आठवणी नाहीत. मुकादमाकडूनही गोष्ट सांगता येण्याइतकी समज त्याच्याकडं आहे. त्याच्या दोन कथा मी वाचल्या, दोन्ही चोख. कादंबरीची वही मात्र तिसऱ्या-चौथ्या प्रकरणावर अडलेली. सकाळी कॉलेजवर तास, दुपारी स्पर्धा परीक्षेच्या क्लासवर मराठी व्याकरण, पेरणीच्या दिवसांत मेहुण्याच्या कृषी सेवा केंद्रात बियाण्यांच्या पावत्या. कादंबरीचा विषय काढला की म्हणतो, "सर, कथा बरी. एका बैठकीत होती." आपल्याकडं तरुण कवी उदंड आणि तरुण कादंबरीकार विरळा का, याचं कारण प्रतिभेत शोधू नये. वेळापत्रकात शोधावं.

बायकांचं वेळापत्रक तर पगारानंही फारसं मोकळं झालं नाही. पहाटेची वेळ लेखकाची म्हणतात. आमच्याकडच्या शहरांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि पुष्कळदा पहाटेच येतं. त्या दिवशी घरातल्या लेखकाची झोप मोडत नाही, लेखिकेची मात्र मोडते. शिक्षिका असलेली बाई नोकरी, अपडाऊन, स्वयंपाक आणि पाणी यांतून जे लिहिते ते बहुधा ललित लेख किंवा कविता असते आणि समीक्षक त्यावर 'लेखिकांना मोठा पट पेलत नाही' असा शेरा मारतात. पट पेलायला रिकामं घर लागतं, हे त्या समीक्षकाच्या घरी कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: दारिद्र्यातूनच खरं साहित्य येतं, पोट भरलं की लेखणी बोथट होते. हे सांगणाऱ्यांचं पोट नेहमी भरलेलं असतं, पण ते सोडा. अनुभव दारिद्र्यातून येतो हे कबूल. तो कागदावर उतरतो तेव्हा मात्र माणूस त्या दारिद्र्यातून थोडा बाजूला झालेला असतो, बहुतेक वेळा एखाद्या नोकरीत. आपल्या ग्रामीण आणि दलित साहित्याचा इतिहासच याला साक्षी आहे. फडात ऊस तोडणाऱ्याला कादंबरी लिहिता आली नाही, त्याच्या शिकलेल्या मुलाला येईल, जर त्याला महिन्याला ठरलेला पगार असेल तर. अंबाजोगाईच्या दासोपंतांबद्दल सांगतात की त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची. कागदावर भागेना म्हणून की काय, चाळीस हात लांबीच्या पासोडीवर त्यांनी लिहिलं. लोक त्या गोष्टीतली भक्ती बघतात. मला रोजच्या शाईला रोजचा पैसा लागत होता आणि तो कुठून तरी येत होता, एवढंच दिसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लेखकाला सरकारनं पोसायचं म्हणजे तो मिंधा होणार. खरं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं एका अनुवादित पुस्तकाला पुरस्कार जाहीर केला आणि आठवडा उलटायच्या आत आदेश काढून तो रद्द केला. पुस्तकात काय आहे हे बघून दिलेला पैसा, पुस्तकात काय आहे हे बघून काढूनही घेता येतो. पण मग कॉलेजचा पगार कुणाचा होता? तोही सरकारचाच होता. फरक एवढाच की तो शिकवण्यासाठी मिळत होता आणि घरी तुम्ही काय लिहिता याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. सरकारला, संस्थाचालकाला, गावच्या पाटलाला न आवडणारं लिहूनही एक तारखेला पैसे जमा व्हायचे. (संस्थाचालकाबद्दल लिहिणाऱ्याच्या बदल्या झाल्या, हेही खरं. पण बदली म्हणजे उपासमार नव्हे.) लेखकाला असाच पैसा हवा: सार्वजनिक, पण मजकुराकडं न बघणारा. पुरस्कार वाढवून हे होणार नाही. साहित्य अकादमीचा पुरस्कार एक लाखाचा, तो वर्षाला एका मराठी पुस्तकाला. साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना चांगली आहे, तिच्यातून पहिली पुस्तकं निघाली, पण ते पुस्तक छापण्याचे पैसे. लिहिण्याचे नव्हेत.

मजकुराकडं न बघणारा पैसा कुठून आणायचा, तर वाचनालयातून. डेन्मार्कनं १९४६ मध्ये सुरुवात केली आणि ब्रिटननं १९७९ मध्ये कायदा केला की सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक वाचायला नेलं, की दर खेपेला लेखकाच्या खात्यावर काही पेन्स जमा होतील. निवडक वाचनालयांच्या देवघेवीवरून हिशेब होतो, सरकार पैसे देतं, आणि एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांच्या वर मिळत नाही, म्हणजे खपाऊ लेखकानं सगळं गिळून टाकायची सोय नाही. कुठलीही निवड समिती नाही, शिफारस नाही, आमदाराचं पत्र नाही. वाचकानं पुस्तक उचललं एवढंच बघायचं.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अ, ब, क, ड अशा वर्गांतली हजारो अनुदानित वाचनालयं आहेत. त्यांतली काही फक्त कागदावर चालतात हे उघड गुपित आहे. ड वर्गाच्या वाचनालयात निरीक्षक येणार म्हटल्यावर देवघेवीचं रजिस्टर एका रात्रीत भरलं जातं, दोन वेगवेगळ्या शाईंची पेनं वापरून. म्हणून सगळीकडं एकदम नको, जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या अ वर्ग वाचनालयांपासून सुरू करा, जिथं संगणकावर नोंद होऊ शकते. नांदेड, लातूर, परभणी, अंबाजोगाई इथं वाचणारे आहेत. ते पुस्तक विकत घेत नसतील, पण नेतात, वाचतात आणि बाइंडिंग सुटेपर्यंत वाचतात. या वाचनाचा एक पैसाही लिहिणाऱ्यापर्यंत पोचत नाही. शिवाय वाचनालयं आज विकत काय घेतात? अनुदानाचा हप्ता मार्चच्या तोंडावर आला की साठ-सत्तर टक्के सवलतीचे संच. त्यात चांगली कादंबरी निघालीच तर योगायोग. खुद्द ग्रंथपालाला मिळणारं वेतन शेतमजुरीच्या खाली असेल तर तो पुस्तकं निवडत कशाला बसेल?

सरकार हे उद्या करणार नाही, मला ठाऊक आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचे सत्कार सोहळे अजून संपायचे आहेत. पण एक गोष्ट सरकारवाचून करता येण्यासारखी आहे आणि ती पगारदार लेखकांच्या हातात आहे. आपण जे फुकट करतो ते बंद करायचं.

याला कद्रूपणा म्हणतील. म्हणू द्या. कायम नोकरीतला किंवा निवृत्त प्राध्यापक लेखक व्याख्यान फुकट देतो, प्रस्तावना फुकट देतो, दिवाळी अंकाला कथा फुकट देतो, वर स्वतःच्या गाडीत पेट्रोल टाकून जातो. त्याला परवडतं, आणि त्याच्या मोठेपणाचं कौतुक होतं. पण त्यामुळं त्या कामाचा भाव शून्य ठरतो. पुढच्या वेळी आयोजक सीएचबीवाल्या पोराला बोलावतो तेव्हा तोही भाव शून्यच धरतो: "अमुक सरांनी सुद्धा काही घेतलं नाही, तू काय मागतोस?" ज्याला त्या हजार-दोन हजारांनी महिन्याचा किराणा भरता आला असता, त्याच्या ताटातलं असं उदार माणसं काढून घेतात. साधना, सेवा, सारस्वत हे शब्द पेन्शन चालू असलेल्या माणसाला शोभतात. त्यानं ते स्वतःपुरते वापरावेत.

तेव्हा पगारदारांनी आधी मागावं. निमंत्रणाच्या फोनवरच मानधन आणि प्रवासखर्च विचारावा, प्रस्तावनेचा दर सांगावा, करार कागदावर करून घ्यावा आणि त्याची नक्कल धाकट्या लेखकांना नमुना म्हणून द्यावी. पैशाची गरज नसेल तर त्याच गावच्या वाचनालयाला त्या रकमेची नवी मराठी कथा-कादंबरी घेऊन द्यावी, लेखकाचं नाव बघून निवडून, सवलतीच्या संचातली नव्हे. पण पैसे आयोजकाच्या खिशातून निघाले पाहिजेत आणि त्याच्या जमाखर्चात मंडप, ध्वनिक्षेपक, भोजन यांच्या खाली 'लेखक' अशी ओळ आकड्यासकट आली पाहिजे.